चाकांवरची पहिली पावले

उन्हाळ्याच्या सुट्टीची चाहूल लागताच क्रीडासंकुलांच्या आणि गृहसंकुलांच्या फाटकांवर स्केटिंगच्या वर्गांचे फलक झळकू लागतात. चार-पाच वर्षांच्या बालकांनाही प्रवेश असल्याचे त्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेले असते. मूल हट्ट धरते, शेजारच्या मुलाच्या स्केटकडे बोट दाखवते आणि घरात विचारविनिमय सुरू होतो. आजीला हातपाय मोडण्याची भीती वाटते. आजोबांना हे खूळ महिनाभराचे वाटते. मुलाने मोबाईलच्या पडद्यासमोरून उठावे, एवढीच आईची इच्छा असते. आणि दुकान गजबजण्याच्या ऐन वेळी मुलाला वर्गाला कोणी पोहोचवावयाचे, हा वडिलांपुढचा प्रश्न असतो. यांतील एकही शंका अवाजवी नाही. अखेर शुल्क भरले जाते, स्केट विकत आणले जातात आणि तयारी झाली, असे सर्वजण मानतात. वस्तुतः खऱ्या तयारीला तेथून प्रारंभ व्हावयाचा असतो.

चाकांच्या पादत्राणांचा इतिहास या बाबतीत मोठा बोलका आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचे एक कुशल यंत्रकार राहत असत. स्वतः तयार केलेली चाकांची पादत्राणे घालून आणि हाती व्हायोलिन वाजवीत ते एका मेजवानीत अवतरले. परंतु त्यांना ना वळता येत होते, ना थांबता. परिणामी ते एका मोठ्या मौल्यवान आरशावर जाऊन आदळले, आरसा फुटला आणि तेही जबर जखमी झाले, अशी कथा सांगितली जाते. पुढे १८६३ मध्ये अमेरिकेतील जेम्स प्लिम्प्टन यांनी पुढे दोन व मागे दोन चाके असलेले आणि रबराच्या गादीमुळे शरीर ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला वळणारे स्केट तयार केले. आजचे चार चाकांचे स्केट त्याच तत्त्वावर चालतात. मर्लिन यांच्यापाशी गती होती, ताबा नव्हता. लहान मुलाला वर्गात घालताना पालकांनी हा भेद ध्यानी ठेवावा. मूल किती वेगाने जाते, हे पाहण्याआधी त्याला थांबता येते का आणि पडल्यावर उठता येते का, हे पाहावे.

योग्य वय कोणते?

वर्षांच्या मोजणीपेक्षा मुलाची शारीरिक आणि मानसिक सिद्धता अधिक महत्त्वाची. साधारणतः पाचव्या-सहाव्या वर्षी बहुतेक मुले सूचना ऐकून त्याप्रमाणे शरीराची हालचाल करू शकतात. काही मुले चौथ्या वर्षीच तयार असतात, तर काहींना सातवे वर्ष उजाडावे लागते. घरच्या घरी सहज पारख करता येते. मूल एका पायावर चार-पाच सेकंद तोल सांभाळून उभे राहते का? दोन्ही पायांनी उडी मारून न पडता स्थिर होते का? जमिनीवर बसल्यावर हातांचा आधार न घेता उठते का? आईवडील नजरेआड असताना अर्धा तास परक्या व्यक्तीचे ऐकते का? या चार प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर प्रारंभ करण्यास हरकत नाही. नसतील, तर सहा महिने थांबल्याने काहीही हातचे जात नाही. धाकट्या चुलतभावाने आरंभ केला म्हणून थोरल्याला घाईने पाठवणे, अथवा याउलट करणे, एकत्र कुटुंबात वारंवार घडते. ते कटाक्षाने टाळावे.

घरातील पूर्वतयारी

वर्ग सुरू होण्याआधीचे दोन आठवडे घरातच उपयोगी पडतात. त्यासाठी कोणतेही साहित्य लागत नाही. स्केटिंगची मूळ मुद्रा म्हणजे गुडघे वाकलेले, कंबर किंचित खाली, खांदे थोडे पुढे, हात समोर आणि नजर पायांवर नसून समोर. खुर्चीवर बसता बसता मध्येच थांबावे, तशी ही स्थिती असते. या स्थितीत दहा अंक मोजेपर्यंत उभे राहण्याचा खेळ रोज खेळावा. टाचा जुळवून आणि चवडे बाहेर काढून बदकासारखे चालणे, एका पायावर उभे राहून दात घासणे, फरशीवरच्या सरळ रेषेवरून चालणे, हे सारे खेळच आहेत. आणि त्यांत आजीआजोबांनाही परीक्षक म्हणून सहभागी होता येते.

याहून महत्त्वाची तयारी म्हणजे पडण्याचा आणि उठण्याचा सराव. तोल जात आहे असे वाटताच माणूस स्वभावतः ताठ होतो आणि हात पुढे किंवा मागे टेकवतो. मग शरीराचा सारा भार मनगटावर येतो. म्हणूनच स्केटिंगमध्ये मनगटाच्या दुखापती सर्वाधिक आढळतात. मुलाला उलट सवय लावावी लागते. तोल जाऊ लागताच गुडघे आणखी वाकवून खाली बसावे, शरीर सैल सोडावे, शक्यतो पुढे गुडघ्यांच्या रक्षकांवर अथवा एका कुशीवर पडावे, पाठीवर पडू नये, आणि पडल्यावर बोटे मिटून मुठी आवळाव्यात, म्हणजे मागून येणाऱ्याच्या चाकाखाली बोट सापडत नाही. उठतानाही क्रम आहे. प्रथम दोन्ही गुडघ्यांवर यावे, मग एक पाऊल पुढे रोवावे, त्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवावेत आणि हलकेच उभे राहावे. गादीवर किंवा सतरंजीवर अनवाणी हा सराव दहा-वीस वेळा झाला, की पडणे हा अपघात राहत नाही, धड्याचा एक भाग होतो. ज्या मुलाला आपल्याला उठता येते हे ठाऊक असते, त्याचे पडण्याचे भय अर्ध्याने सरते.

साहित्य घेताना

व्यापारी कुटुंबात वस्तूची पारख करणाऱ्यांची वाण नसते. तथापि मुलांच्या वस्तू घेताना एक जुनी सवय आड येते. पुढील वर्षीही चालावे म्हणून एक माप मोठे घेण्याची ही सवय कपड्यांत चालते, स्केटमध्ये मात्र घातक ठरते. सैल बुटात घोटा हलतो, पाय आत-बाहेर मुरडतो आणि मूल तोल सावरू शकत नाही. वाढत्या पायांसाठी माप कमी-जास्त करता येणारे स्केट बाजारात मिळतात. काटकसर करावयाची तर ती तेथे करावी. शक्य असल्यास पहिला महिना वर्गातील किंवा नात्यातील मुलांचे, योग्य मापाचे स्केट वापरावेत आणि आवड टिकली तरच नवे घ्यावेत.

स्केटचे मुख्य प्रकार दोन. पुढे दोन व मागे दोन चाके असलेला प्रकार, ज्याला क्वाड म्हणतात, रुंद पायामुळे अधिक स्थिर असतो आणि बहुधा लहान मुलांना सोपा वाटतो. त्याचा रोधक चवड्यापाशी असतो. एका ओळीत चाके असलेला इनलाइन प्रकार वेगासाठी उत्तम. त्याचा रोधक सहसा टाचेमागे असतो. कोणता घ्यावा, हे दुकानदाराला विचारण्यापूर्वी प्रशिक्षकाला विचारावे. चाक हाताने फिरवून पाहावे. ते अडखळता कामा नये आणि डगमगताही कामा नये. ज्या घरांत चामडे वर्ज्य आहे, त्यांनी बुटाचे साहित्य विचारून घ्यावे. नवशिक्यांसाठीचे स्केट कृत्रिम साहित्यात सहज उपलब्ध असतात.

स्केटवर खर्च करून रक्षक साहित्यात हात आखडता घेणे, हा उलटा हिशेब झाला. शिरस्त्राण, कोपरांचे, गुडघ्यांचे आणि मनगटांचे रक्षक, या चारही वस्तू अनिवार्य समजाव्यात. शिरस्त्राण कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावे. मागे कलंडलेले शिरस्त्राण कपाळाचे रक्षण करीत नाही. हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जाईल, इतका तो घट्ट असावा. आपल्याकडच्या स्वस्त संचांत मनगटाचे रक्षक पुष्कळदा नुसत्या कापडी हातमोज्यांसारखे असतात. तळव्याला टणक पट्टी असलेलेच निवडावेत. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी वैद्यकीय अभ्यासात, मनगटाचे रक्षक न वापरणाऱ्या स्केटरांना मनगटाची दुखापत होण्याची शक्यता ते वापरणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दहापट आढळली होती. एवढ्या किमतीत इतका मोठा विमा अन्यत्र मिळणार नाही.

कपड्यांचे म्हणाल तर गुडघे झाकणारी, पण घोट्यापाशी न लोंबणारी विजार आणि घोट्याच्या वर येणारे, सुरकुत्या न पडणारे पायमोजे असावेत. गळ्यातील साखळी, पायातील पैंजण, हातातील कडे आणि कानातील लोंबते डूल वर्गापूर्वी घरीच काढून ठेवावेत. नखे कापलेली असावीत.

वर्ग आणि वेळ

वर्गात नाव घालण्यापूर्वी पालकांनी एक दिवस नुसते उभे राहून तो पाहावा. जागा सपाट, गुळगुळीत आणि कठड्याने वेढलेली आहे का? तेथे वाहने येत नाहीत ना? वाहनतळावर किंवा सोसायटीच्या उतारावर भरणारा वर्ग, कितीही सोयीचा असला तरी, नवशिक्यांसाठी योग्य नाही. नवख्या मुलांसाठी मैदानाचा कोपरा राखून ठेवला आहे, की वेगाने जाणारी मोठी मुले त्यांच्यामधूनच धावतात? प्रशिक्षक प्रत्येकाचे पट्टे तपासतो का? प्रथमोपचाराची पेटी जवळ आहे का? पडलेल्या मुलाशी तो कसा बोलतो? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर साऱ्यांत मोलाचे. पहिल्याच आठवड्यात शर्यत लावणारा, अथवा महिनाभरात पदक आणि विक्रमाचे प्रमाणपत्र मिळवून देण्याचे आश्वासन देणारा वर्ग सावधपणे पारखावा.

वेळेचा विचार घरच्या नेमधर्मासह करावा. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम पाळणाऱ्या घरांत सायंकाळचा वर्ग दररोजच्या ओढाताणीचे कारण होतो. मूल घाईघाईने जेवून, भरल्या पोटी मैदानावर जाते, अथवा उपाशीपोटी परतते. अशा घरांना सकाळचा वर्ग सर्वथा सोयीचा. त्या वेळी ऊन कोवळे असते आणि दुकान उघडण्यापूर्वी वडिलांनाही मुलासोबत जाता येते. वर्गापूर्वी तासभर आधी केळे, पोहे असा हलका आहार आणि सोबत पाण्याची बाटली पुरेशी आहे. पावसाळ्यात उघड्या मैदानांवरील सराव थांबतो. ओली फरशी चाकांसाठी निसरडी असते आणि ओलाव्याने चाकांतील बेअरिंग गंजतात. त्या काळात घरातील तोलाचे खेळ चालू ठेवावेत.

पहिले काही दिवस

पहिल्या दिवशी मूल सरकेल, ही अपेक्षा मनातून काढून टाकावी. बहुतेक चांगले प्रशिक्षक स्केट घालून बसणे, उठणे, हिरवळीवर किंवा चटईवर पावले टाकणे, एवढ्यावरच पहिला धडा संपवितात. पुढे टाचा जवळ व चवडे दूर ठेवून उभे राहणे, जागच्या जागी पावले उचलणे, दोन-तीन पावले टाकून दोन्ही पायांवर सरकणे आणि मग थांबणे, असा क्रम असतो. वळणे आणि पायावर पाय टाकून वळसा घेणे बरेच पुढचे. एखादे मूल आठवड्यात सरकू लागते, एखाद्याला महिना लागतो. वर्षअखेरीस त्या दोघांत भेद उरेलच असे नाही.

कठड्याबाहेरील पालक

आता साऱ्यांत अवघड तयारीकडे वळावे लागते. मूल पडते, आणि कठड्याबाहेर उभ्या असलेल्या आईच्या तोंडून किंकाळी निघते. मूल प्रथम आपल्या गुडघ्याकडे पाहत नाही. ते आईच्या मुद्रेकडे पाहते. तेथे भय दिसले, तर आपल्याला काही भयंकर झाले आहे, असे ते ठरविते आणि रडू लागते. तेथे शांतपणा दिसला, तर पुष्कळदा ते स्वतःच उठते. म्हणून पालकांनी मैदानात धावून जाऊ नये, दुरून सूचना ओरडू नयेत आणि प्रत्येक क्षण मोबाईलवर टिपण्याचा मोह आवरावा. चित्रीकरण चालू असले की मूल शिकणे सोडून दाखविण्यात गुंतते. आणि त्याचे पडणे नातेवाइकांच्या गटात हसण्याचा विषय झाले, तर ते पुन्हा पडण्याचा धोका पत्करीत नाही.

पेढीवर प्रथमच बसलेल्या नातवाने सुटे पैसे मोजताना चूक केली, तर जाणते आजोबा त्याचा हात धरून गल्ला बंद करीत नाहीत. लहान रकमेची चूक ते होऊ देतात, कारण तीच पुढची मोठी चूक टाळते. मैदानावरचे पडणे हे तसेच अल्प मोलाचे नुकसान आहे. रक्षक साहित्य नीट बांधलेले असेल, तर त्याची किंमत बहुधा एखादे खरचटणे एवढीच असते. आणि बदल्यात मूल जे शिकते, ते कोणत्याही शिकवणीत मिळत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल जाण्यास नकार देते, हा अनुभव बहुतेक घरांत येतो. तेव्हा रागावण्यापूर्वी आणि सोडून देण्यापूर्वी भय कशाचे आहे, हे विचारावे. पडण्याचे भय असेल, तर ते दिवसागणिक ओसरते. थोडा आग्रह, घरी थोडा सराव आणि ‘आज फक्त दहा मिनिटे’ अशी तडजोड पुरते. परंतु भय प्रशिक्षकाच्या ओरडण्याचे, ओढण्याचे किंवा इतर मुलांच्या टिंगलीचे असेल, तर ते आपोआप ओसरत नाही. अशा वेळी भरलेल्या शुल्काचा विचार न करता मुलाला तेथून काढावे. आणि एक-दोन महिने मनापासून प्रयत्न करूनही आवड निर्माण झाली नाही, तर कोणताही टोमणा न मारता दुसऱ्या खेळाकडे वळू द्यावे.

मुलगा आणि मुलगी

एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे आवश्यक आहे. गुडघा फुटून घरी आलेल्या मुलाचे ‘शूर आहे’ म्हणून कौतुक होते. तीच जखम मुलीच्या गुडघ्यावर दिसली, की ‘व्रण राहील’, ‘उन्हाने रंग काळवंडेल’, ‘पुढे स्थळ पाहताना अडचण होईल’, अशी कुजबुज सुरू होते आणि मुलीचा वर्ग बंद होतो. सहा वर्षांच्या मुलीला त्यातून एवढेच कळते की, तिचे शरीर खेळण्यासाठी नसून पाहिले जाण्यासाठी आहे. हा धडा गुडघ्यावरच्या व्रणाहून फार खोल जातो आणि फार काळ टिकतो.

चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत, २ ऑक्टोबर २०२३ रोजी, ३००० मीटर रिले शर्यतीत भारताच्या महिला आणि पुरुष या दोन्ही संघांनी कांस्यपदक मिळविले. महिला संघात संजना बथुला, कार्तिका जगदीश्वरन, हीरल साधू आणि आरती कस्तुरी राज होत्या. पुरुष संघात आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. त्यांपैकी आनंदकुमार २०२५ मध्ये १००० मीटर शर्यतीत विश्वविजेते झाले. दोन्ही संघांचे पदक एकाच दिवशी, एकाच अंतरासाठी आणि एकाच रंगाचे होते. सर्व मुले पदकापर्यंत जाणार नाहीत, जाण्याची गरजही नाही. परंतु पहिल्या पडण्यानंतर कोणाला उठू द्यावयाचे आणि कोणाला घरी न्यावयाचे, हा निर्णय घरातच होतो.

दुखापत झाल्यास

खरचटलेली जागा स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुऊन झाकावी. हळदीच्या किंवा अन्य पुडी भरू नयेत. मनगट किंवा हात सुजला, वाकडा दिसू लागला, अथवा मूल तो वापरण्यास नाकारू लागले, तर मालीश न करता हात आहे त्या स्थितीत आधार देऊन स्थिर ठेवावा आणि क्ष-किरण तपासणीसाठी न्यावे. लहान मुलांच्या हाडांची वाढ चालू असते. वाढीच्या जागी झालेली इजा वेळीच कळणे आवश्यक असते. डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली, बोलण्यात असंबद्धता आली किंवा डोकेदुखी वाढत गेली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. मोठा आदळ बसलेले शिरस्त्राण वरून अखंड दिसले तरी बदलावे.

परतल्यानंतरची पाच मिनिटे

वर्गाहून परतल्यावर ‘आज किती वेळा पडलास?’ हा प्रश्न सहज विचारला जातो. त्याऐवजी ‘आज किती वेळा स्वतःच उठलास?’ असे विचारून पाहावे. मग मुलाने स्वतःचे पट्टे स्वतः सोडावेत, चाके कोरड्या फडक्याने पुसावीत, रक्षक साहित्य वाऱ्यावर ठेवावे. आपली वस्तू जपण्याची आणि आपला तोल सावरण्याची सवय एकत्रच रुजते. महिन्याभरात स्केट माळ्यावर गेले तरी ती सवय मुलापाशी राहते. आणि ते मैदानावर रमले, तर पालकांनी कठड्याबाहेर शांतपणे उभे राहावे, एवढेच पुरे.